रेफ आणि हकार : कंपित व कंठस्थ व्यंजनांच्या वर्गीकरणाचा इतिहास

वर्णांच्या कोष्टकात बहुतेक व्यंजने आपापल्या घरात निमूटपणे बसतात. पकार ओठांचा आणि तकार दातांचा, याबद्दल भारतीय, अरब किंवा युरोपीय अभ्यासकांत फारसा मतभेद झाल्याचे दिसत नाही. रेफ आणि हकार यांची गोष्ट निराळी आहे. ध्वनिविचाराचा तास घेणाऱ्या अध्यापकास एक प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच : क आणि ह हे दोन्ही वर्ण ‘कंठ्य’ कसे? ककार उच्चारताना जिभेचा मागील भाग उचलला जाऊन मृदुतालूस टेकतो. हकार उच्चारताना जीभ कोठेच टेकत नाही. दुसरा प्रश्न रकाराचा. त्यास मूर्धन्य म्हणावे, तर आपल्या तोंडी रकाराच्या वेळी जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीपाशी हलते. टकाराच्या वेळी ते जेथे जाते तेथे ते जात नाही. या दोन्ही प्रश्नांना ‘परंपरेने तसे मानले आहे’ एवढे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु ही परंपरा एक नव्हे. निदान दोन परंपरा आहेत, त्यांची प्रयोजने भिन्न आहेत, आणि दोहोंतील तंटा आजच्या आंतरराष्ट्रीय ध्वनितक्त्यातही मिटलेला नाही. या तंट्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम रेफ घेऊ. वेदपठणाची शुद्धता राखण्यासाठी रचलेल्या प्रातिशाख्यांत रेफाच्या स्थानाविषयी आश्चर्य वाटावे इतके मतैक्य आहे. ऋक्प्रातिशाख्य त्यास तवर्ग, सकार व लकार यांच्या पंक्तीस बसवून दंतमूलीय ठरविते, आणि काही आचार्य त्यास वर्त्स्य, म्हणजे हिरडीच्या उंचवट्यावरचा, मानतात अशी नोंदही करते. वाजसनेयि प्रातिशाख्य आणि अथर्ववेदाची शौनकीय चतुरध्यायिका यांनीही दंतमूल हेच स्थान सांगितले आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य अधिक बारकाईने पाहते. जिभेच्या टोकाचा मध्य आणि दातांच्या मुळांमागची जागा अशी करण व स्थान यांची जोडी ते देते. या चारही ग्रंथांत रेफाच्या संदर्भात मूर्ध्याचे नाव नाही.

आता भट्टोजी दीक्षितांची सतराव्या शतकातील सिद्धान्तकौमुदी उघडावी. तेथे ऋ, टवर्ग, र आणि ष हे चारही एका मूर्ध्याच्या खाती जमा आहेत. पाणिनीय शिक्षेतही हीच व्यवस्था आहे, आणि आपल्या शालेय व्याकरणांपर्यंत जी उतरली ती हीच होय. स्वतः पाणिनीने अष्टाध्यायीत वर्णस्थानांची यादी कोठेही दिलेली नाही. ती ज्ञात आहे असे गृहीत धरूनच तो सवर्णसंज्ञा सांगतो. त्यामुळे ‘पाणिनीच्या मते र मूर्धन्य आहे’ असे विधान करताना थोडे थांबणे बरे.

मग रेफ दंतमूलाहून मूर्ध्याकडे का सरकला? याचे कारण उच्चारात शोधण्यापूर्वी प्रक्रियेत शोधावे असे मला वाटते. ‘देवेन’ या रूपात नकार तसाच राहतो, परंतु ‘रामेण’ या रूपात रेफामुळे त्याचा णकार होतो. मध्ये स्वर, कवर्ग, पवर्ग आले तरी हा प्रभाव अडत नाही. षकाराचेही तसेच. ऋकाराचेही तसेच, म्हणून ‘मातॄणाम्’. शिवाय ऋकाराचा गुण करावयाचा तर अकारापाठोपाठ रेफ येतो. जो वर्ण नकारास मूर्धन्य करितो तो स्वतः मूर्धन्य असावा, आणि ऋ व र यांचे स्थान एक असावे, ही व्याकरणाची गरज आहे. ती गरज भागविणारे कोष्टक वैयाकरणांनी स्वीकारले. याउलट, पठण करणाऱ्या शिष्याच्या जिभेवर लक्ष ठेवून बसलेल्या आचार्याला णत्वाची उपपत्ती द्यावयाची नव्हती. जीभ कोठे लागते एवढेच त्याला सांगावयाचे होते.

या उपपत्तीस एक गंभीर आक्षेप संभवतो. रेफाचा उच्चार प्रदेशपरत्वे खरोखरच भिन्न असेल, आणि काही ठिकाणी जीभ मागे वळवून तो होत असेल, तर दोन्ही वर्णने आपापल्या जागी खरी ठरतील. सिद्धेश्वर वर्मा यांचा १९२९ मधील आणि डब्ल्यू. एस. ॲलन यांचा १९५३ मधील ग्रंथ वाचताना ही शक्यता सहज निकालात काढता येत नाही. मात्र ऋकाराचे उदाहरण माझ्या बाजूने बोलते. ऋक्प्रातिशाख्य रेफास दंतमूलीय म्हणते आणि त्याच प्रकरणात ऋकारास कवर्गाबरोबर जिह्वामूलीय म्हणते! म्हणजे स्वर जिभेच्या मुळाशी आणि त्याचेच व्यंजनरूप जिभेच्या टोकाशी. वाजसनेयि प्रातिशाख्यही ऋकाराला जिह्वामुळाशीच नेते, तर तैत्तिरीय प्रातिशाख्य मात्र त्याच्यासाठी जिभेचे टोक हिरडीजवळ आणावयास सांगते. ऋकाराविषयी पाठशाखांत असा उघड भेद नोंदला गेला, आणि तो जुळवून घेण्याचा प्रयत्न या ग्रंथकारांनी केला नाही. जे ऐकले ते लिहिले. वैयाकरणांच्या कोष्टकात हा भेद पुसला गेला, कारण तो तेथे अडचणीचा होता.

स्थानाविषयी एवढा ऊहापोह करणाऱ्या या आचार्यांनी रेफाच्या प्रयत्नाविषयी मात्र थोडक्यात आटोपते घेतले आहे. य, र, ल, व हे चार अंतःस्थ. त्यांचा प्रयत्न ईषत्स्पृष्ट. जिभेच्या टोकाचे जे पुनःपुन्हा आपटणे कानाला सर्वप्रथम जाणवते, त्यासाठी भारतीय ध्वनिशास्त्राने वेगळा वर्ग केला नाही. त्या आपटण्याची दखल कोठे सापडते? दोषांच्या यादीत. ऋक्प्रातिशाख्याच्या चौदाव्या पटलात उच्चारदोष सांगताना रेफाच्या ठिकाणी अतिस्पर्श आणि ‘बर्बरता’ हे दोन दोष सांगितले आहेत. यावरून असे अनुमान निघते, की आदर्श मानलेला रेफ हलका, बहुधा एकाच स्पर्शाचा होता, आणि घोळवून उच्चारलेला रेफ खडबडीत वाटे. ज्या क्रियेला शास्त्र दोष मानते तिच्या नावाने वर्ग पाडीत नाही, हे स्वाभाविकच आहे. रेफाचे नावही मोठे चमत्कारिक आहे. इतर वर्णांना ‘कार’ जोडून नाव मिळते; र या वर्णापुरता ‘इफ’ हा वेगळा प्रत्यय कात्यायनाने वार्त्तिकात सांगितला. आपल्या मराठीतील ‘रफार’ त्याच नावाची आठवण करून देतो.

हकाराकडे वळताना प्रथम ‘कंठ्य’ या संज्ञेचा संकोच-विस्तार ध्यानी घ्यावा लागतो. ऋक्प्रातिशाख्यात कंठ्य वर्ण म्हणजे अकार, हकार आणि विसर्ग. कवर्ग तेथे नाही. तो जिह्वामूलीयांत आहे. पाणिनीय शिक्षाही, रेफाच्या बाबतीत वैयाकरणांची बाजू घेत असूनही, कवर्गाला जिह्वामुळावरच ठेवते. कौमुदीत मात्र अकार, कवर्ग, हकार व विसर्ग हे सारे एका कंठात आले. येथेही प्रक्रियेचा हात दिसतो. ‘हन्’ धातूची ‘हन्ति’ आणि ‘घ्नन्ति’ ही रूपे शेजारी ठेवली, की हकाराच्या जागी कवर्ग येतो व त्यांतील निकटतम वर्ण म्हणून घकार निवडला जातो हे दिसते. ह आणि घ यांना एकाच स्थानाचे म्हटले की ही निवड अगदी सुरळीत होते. वर्गात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : क आणि ह एका स्थानी उच्चारले जातात म्हणून नव्हे, तर ते एका प्रक्रियेत भेटतात म्हणून एका घरात राहिले.

प्रातिशाख्यकारांनी हकाराचे जे वर्णन केले ते मात्र कोणत्याही काळच्या ध्वनिशास्त्रज्ञाने हेवा करावा असे आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगते, की कंठ आवळला असता नाद, उघडला असता श्वास, आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार निर्माण होतो. ऋक्प्रातिशाख्य सघोष महाप्राण आणि हकार यांत श्वास व नाद दोन्ही असतात असे म्हणते. १८७१ मध्ये तैत्तिरीय प्रातिशाख्य संपादून प्रसिद्ध करणाऱ्या व्हिटनीला हे पटले नाही. श्वास आणि नाद यांच्या मधली अवस्था कशी असू शकेल हे त्याच्या लक्षात येईना. त्याच्या मातृभाषेतला हकार सामान्यतः अघोष, आणि त्याने कानाऐवजी तर्कावर भिस्त ठेवली. स्वरतंत्री कंपत असतानाच त्यांच्यातून श्वास निसटत राहतो असा सघोष हकार असतो, हे आज निर्विवाद आहे. आपण मराठी बोलणारे तो दिवसातून शेकडो वेळा उच्चारतो.

हकाराला स्थान तरी कोणते द्यावे, याविषयीही त्यांनी मोकळेपणाने मतभेद नोंदविले. काहींच्या मते तो कंठ्य, काहींच्या मते उरस्य, म्हणजे छातीतून येणारा. तैत्तिरीय प्रातिशाख्यात उल्लेखिलेल्या आणखी एका मताप्रमाणे हकाराला स्वतःचे स्थानच नाही. पुढे येणाऱ्या स्वराच्या आरंभाचे जे स्थान, तेच त्याचे. ‘ही’ आणि ‘हू’ म्हणून पाहावे. हकार सुरू होण्याआधीच ओठ व जीभ पुढच्या स्वराच्या तयारीत असतात. पाणिनीय शिक्षेने आणखी एक बारकावा टिपला : अनुनासिकांशी किंवा अंतःस्थांशी संयुक्त झालेला हकार उरस्य, एरव्ही कंठ्य. ‘ब्रह्म’ हा शब्द आपण ‘ब्रम्ह’ असा उच्चारतो, आणि म्ह, न्ह, ल्ह, व्ह हे एकजीव महाप्राण मराठीत सर्रास आहेत. तेव्हा या संयोगांत हकार काही वेगळेच वागतो हे शिक्षाकाराचे म्हणणे आपल्या कानांना परके वाटू नये.

भारताबाहेर याच दोन वर्णसमूहांचा सर्वांत सूक्ष्म विचार आठव्या शतकात बसऱ्यास झाला. खलील इब्न अहमदने आपला अरबी शब्दकोश अलिफपासून न लावता घशातील ऐनपासून लावला आणि त्यास त्या वर्णाचेच नाव दिले. त्याचा शिष्य सीबवैही याने घशाचे तीन भाग केले. सर्वांत खोल भागात हमजा व साधा हकार, मधल्यात ऐन आणि दाबून उच्चारलेला हकार, आणि तोंडाला जवळच्या भागात गैन व खे. यांपैकी शेवटचे दोन आजच्या दृष्टीने घशातले नव्हेत. ते जिभेचा मागचा भाग उचलून होतात. तरीही ते घशातल्या वर्णांत आले. त्याचे एक कारण उच्चारातील सान्निध्य हे असेलच. परंतु अरबी क्रियापदात धातूचे दुसरे वा तिसरे व्यंजन या सहांपैकी असले, तर वर्तमानकाळाच्या रूपात बहुधा अकार येतो, आणि या बाबतीत गैन व खे बाकीच्या चौघांसारखेच वागतात. कौमुदीतील कवर्ग-हकारांच्या सहवासाशी याचे साम्य उघड आहे. मराठीने मात्र हे सारे भेद सपाट केले. ‘हवा’ आणि ‘हाल’ यांतील दोन निराळे अरबी हकार आपल्याकडे एकच झाले, आणि ‘अक्कल’, ‘जमा’, ‘तालुका’ यांतला ऐन कोठे गेला याचा आपल्याला पत्ताही नाही.

रेफाच्या बाबतीत अरबांनी भारतीयांहून पुढचे पाऊल टाकले, असे म्हणावयास हरकत नाही. सीबवैहीने त्यास ‘मुकर्रर’, म्हणजे पुनरावृत्त, असे स्वतंत्र लक्षण दिले. कंपन हा प्रयत्नाचा एक प्रकार म्हणून येथे प्रथम नाव धारण करतो. गंमत अशी, की कुराणपठणाच्या शास्त्रातील नंतरच्या आचार्यांनी हे लक्षण मान्य करूनही पाठकाला सावध केले : ही पुनरावृत्ती ओळखावी, पण वाढू देऊ नये. बर्बरतेला नावे ठेवणारा वैदिक आचार्य आणि हा पाठगुरू यांची भेट झाली असती तर दोघांचे सहज जमले असते.

रेफ आणि घसा यांचा प्रत्यक्ष संबंध मात्र हिब्रू परंपरेत जोडला गेला. ‘सेफर येत्सिरा’ या प्राचीन ग्रंथात बावीस अक्षरांचे घसा, टाळू, जीभ, दात व ओठ असे पाच गट आहेत, आणि तेथे रेश हे अक्षर दातांच्या गटात आहे. परंतु बायबलच्या पाठाची स्वरचिन्हे ठरविणाऱ्या पंडितांच्या परंपरेत घशातली चार अक्षरे जशी द्वित्व स्वीकारीत नाहीत, तसे रेशही बहुधा स्वीकारीत नाही. म्हणून हिब्रू व्याकरणे त्याचा विचार घशाच्या अक्षरांबरोबर करतात. पुन्हा तेच : उच्चाराने एका घरात, वागणुकीने दुसऱ्या.

युरोपने हा वारसा बराच गोंधळात घेतला. ग्रीकांनी ल, म, न, र यांना ‘द्रव’ म्हटले, रोमनांनी रकाराला त्याच्या गुरगुरण्यावरून कुत्र्याचे अक्षर म्हटले, आणि घशाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून निघालेले ‘गटरल’ हे विशेषण ककारापासून ऐनपर्यंत ज्याला त्याला चिकटविले गेले. लेप्सियसने १८५५ मध्ये सर्व भाषांसाठी जी लिपी सुचविली, तिच्यात खोल घशातल्या वर्णांना वेगळा गट मिळाला. र आणि ल यांच्यासाठी मात्र त्याने स्फोटक आणि घर्षक यांच्या जोडीला ‘उभयविध’ असा तिसराच वर्ग काढला. ‘अंतःस्थ’ या आपल्या शब्दाची येथे आठवण होते. अडचण तीच, आणि तोडगाही त्याच जातीचा.

त्याच वर्षी एका वेगळ्या दिशेने नवा पुरावा आला. मॅन्युएल गार्सिया या लंडनमधील गायनशिक्षकाने छोटा आरसा घशात धरून स्वतःचे स्वरयंत्र पाहिले व आपली निरीक्षणे रॉयल सोसायटीला सादर केली. चेर्माक या शरीरशास्त्रज्ञाने लवकरच ते तंत्र संशोधनात रूढ केले. जे स्थान प्रातिशाख्यकारांनी आणि सीबवैहीने केवळ कान व आंतरिक जाणीव यांच्या बळावर वर्णिले होते, ते प्रथमच जिवंत माणसात, बोलत असताना, डोळ्यांना दिसले. व्हिएन्नाचा शरीरशास्त्रज्ञ ब्र्यूके याने १८५६ च्या ग्रंथात कंपित वर्णांचा स्वतंत्र गट केला आणि त्यात जिभेच्या व पडजिभेच्या रकाराबरोबर स्वरयंत्राच्या रकारालाही जागा दिली. पुढे १८६० मध्ये अरबी वर्णांवर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. फ्रेंच व जर्मन भाषांत पडजिभेचा रकार सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळे, कंपन ही एका स्थानाची मिरास नाही हे युरोपियनांना लवकर पटले असावे. जेथे शिथिल मांसल भाग श्वासाच्या वाटेवर आहे तेथे कंपन होऊ शकते. आवश्यक तेवढ्या ताणाने तो भाग जागेवर धरला की बाकीचे काम श्वासाचा प्रवाह करतो. जिभेचे टोक सेकंदाला सुमारे २५ ते ३० वेळा आपटते ते स्नायूंनी हलवून नव्हे. इतक्या वेगाने स्नायू ते हलवू शकत नाहीत.

आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या तक्त्यांत स्थानांचा क्रम घशापासून ओठांकडे, म्हणजे आपल्या वर्णमालेप्रमाणेच, होता. तो नंतर उलटा झाला. पुढे स्तंभ स्थानाचे आणि ओळी प्रयत्नाच्या अशी व्यवस्था पक्की झाली. कंपितांना एक ओळ मिळाली, घशातल्या वर्णांना शेवटचे दोन स्तंभ मिळाले. १९८९ च्या कील येथील परिषदेनंतर ओठांच्या कंपितालाही चिन्ह आले. त्याच वेळी स्वरयंत्रावरच्या झाकणापाशी, म्हणजे गिळताना श्वासमार्ग झाकणाऱ्या पडद्यापाशी, होणाऱ्या तीन वर्णांची चिन्हे तक्त्याबाहेर ‘इतर’ म्हणून नोंदली गेली. कंपितांची ओळ जेथे या शेवटच्या दोन स्तंभांना छेदते ती दोन घरे पाहण्यासारखी आहेत. घशाचे घर रिकामे आहे, म्हणजे तसा वर्ण शक्य आहे पण त्याला चिन्ह नाही. कंठद्वाराचे घर राखाडी रंगाने बुजविलेले आहे, म्हणजे तसा वर्ण अशक्य मानला आहे. ब्र्यूकेने ज्याला जागा दिली होती त्याला येथे मज्जाव झाला. वस्तुतः स्वरतंत्रींचे कंपन ही श्वासाने चालणारी त्याच जातीची क्रिया आहे. पुरुषाच्या साध्या बोलण्यातही ती सेकंदाला शंभराहून अधिक वेळा घडते. ते अशक्य म्हणून नव्हे, तर त्याला आधीच ‘नाद’ हे दुसरे नाव मिळालेले आहे म्हणून ते घर बंद आहे.

रिकाम्या घराचा वाद अधिक ताजा आहे. दागिस्तानातील आगुल भाषेच्या एका बोलीत घशातला घर्षक आणि झाकणापाशी होणारा घर्षक असे दोन वर्ण अर्थभेदक म्हणून नोंदले गेले, आणि तो स्थानभेद समजला गेला. जॉन एस्लिंग यांनी १९९६ पासून, नाकातून आत सोडलेल्या दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांच्या आधारे, याला हरकत घेतली आहे. त्यांच्या मते स्थान एकच आहे : स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या घड्या आवळून ते बनते. ज्यांना झाकणापाशी होणारे घर्षक म्हटले, त्यांत या घड्या थरथरतात. म्हणून ते घशाचे कंपित होत, आणि त्यांची जागा तक्त्यातील त्या रिकाम्या घरात आहे. इराकी अरबीत ऐन आणि दाबलेला हकार यांचे असे कंपित उच्चार होतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणजे सीबवैहीने मुकर्रर हे लक्षण ज्या रेफासाठी राखून ठेवले होते, ते त्याच्याच भाषेच्या आजच्या एका बोलीत घशाच्या मधल्या भागातील दोन्ही वर्णांनाही लागू पडते. संघटनेच्या तक्त्यात ही चिन्हे अजून बाहेरच आहेत. आगुलमधील भेद स्थानाचा म्हणावा की प्रयत्नाचा, यावर त्यांचे घर ठरेल. आणि त्या बोलीत हे दोन वर्ण इतर वर्णांशी कसे वागतात, हा प्रश्न ओघाने येतोच.